सरकारी भाषेतली शुंठी

त्या दिवशी मी खुर्चीतून उठलो असतो तर यातलं काहीच घडलं नसतं. साहेबांची खोली माझ्या टेबलापासून बारा पावलांवर आहे. (नंतर मोजली. आधी मोजायला हवी होती.) पण मला सर्दी झाली होती, समोर आलं ठेचून घातलेला वाफाळता चहा होता, आणि तो गार करून एका शब्दाचा अर्थ विचारायला जाणं हे माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीला शोभणारं नव्हतं. विचारायचं नाही असं मी ठरवलं आणि चहाचा घोट घेतला.

मी महाबळेश्वर. जोयडा तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत क्लार्क आहे. कुठल्या पंचायतीत ते सांगत नाही, कारण तिथे मला अजून नऊ वर्षं काढायची आहेत. आमचं गाव रामनगरपासून फार लांब नाही. घरोघर मराठी, बाजारात कोकणी आणि कचेरीत कन्नड अशी आमची वाटणी आहे. वरून येणारी प्रत्येक नोटीस कन्नडात असते, आणि तिचं मराठी करून ती बाहेरच्या फळ्यावर लिहिणं हे काम मी स्वतःहून अंगावर घेतलेलं आहे. ते काम मला कोणी सांगितलेलं नाही. पण हातात खडू असला की लोक मला 'सर' म्हणतात, आणि खडू खाली ठेवला की पुन्हा 'म्हाबळू' म्हणतात.

तर नोटीस अशी होती. जानेवारीत जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. रानातले, परसातले, नाना तऱ्हेचे कंद घेऊन लोक येतात. यंदा पहिल्यांदाच त्यात एक वेगळी स्पर्धा होती, 'शुंठी'ची. आता कन्नडात आल्याला शुंठी म्हणतात हे आमच्याकडच्या म्हशींनाही ठाऊक आहे. पण ओलं असेल तर 'हसी शुंठी' आणि वाळलेलं असेल तर 'ओण शुंठी' असाही एक बारकावा आहे. नोटिशीत नुसतंच 'शुंठी' लिहिलं होतं. मी विचार केला (हा माझा जुना दोष आहे), की ओलं आलं हवं असतं तर त्यांनी हसी लिहिलं नसतं का? हसी लिहिलेलं नाही, याचा अर्थ वाळलेलं. आणि वाळलेल्या आल्याला मराठीत काय म्हणतात? सुंठ. शुंठी आणि सुंठ, कानालासुद्धा किती जुळतंय!

मी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'भव्य सुंठ स्पर्धा. सुंठ स्वच्छ सोललेली व खडखडीत वाळलेली असावी.' यातलं दुसरं वाक्य नोटिशीत नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं, लोकांच्या कळकळीपोटी. त्यामुळे खाली जागा उरली नाही आणि नोटिशीतलं शेवटचं वाक्य गाळावं लागलं. ते वाक्य असं होतं, की ज्याचं आलं पहिलं येईल त्याचं बियाणं त्याच्याच नावानं सगळ्या तालुक्यात वाटलं जाईल.

संध्याकाळी घरी गेलो तर केशर दारातच उभी होती. केशर म्हणजे माझी बायको, आणि गावातल्या बायकांच्या संघाची अध्यक्षीणही. (घरात ती नुसतीच अध्यक्षीण असते.)

"अवो, फळ्यावर ह्ये काय लिवलंय?"

"नोटीस."

"सुंठीची स्पर्धा?"

"व्हय."

"सुंठीत काय बघायचं असतंय? सगळी सुंठ सारखीच दिसती. कन्नडात शुंठी म्हंजे आलंच नव्हं?"

"बाजारात आलं," मी म्हणालो. "ही कचेरीची कन्नड हाय. सरकारी भाषा येगळी असती, केशर."

तिची नजर परसाकडे गेली. का ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच मी साहेबांना विचारायला हवं होतं. परसात तिनं दोन वर्षं जपलेला आल्याचा एक वाफा होता. बी तिच्या माहेरचं, शेणखत आमच्या म्हशींचं, आणि राखण लखूमामांची. लखूमामा शेजारचे म्हातारे शेतकरी. रानडुकरांना नुसत्या खोकल्यानं पळवून लावतात. त्या वाफ्यात एक गड्डा अडीच किलोचा झाला होता. आजवर तीन मेळ्यांत केशरनं तीन वेगवेगळे कंद नेले होते आणि तिन्ही वेळा पलीकडच्या वाडीतल्या इंदुबाईनं तिला दुसऱ्या नंबरावर ढकललं होतं. या गड्ड्यापुढे मात्र इंदुबाई काही टिकणार नव्हती. "एकदा तरी लोकांनी म्हटलं पायजे, ह्ये केशरचं आलं," असं ती दोन वर्षं म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो गड्डा उकरला, नीट धुतला आणि मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नक्की ना?"

"सरकारी कागद हाय," मी म्हणालो.

तिनं तो कटकन मोडला.  मी नाक शिंकरलं आणि कचेरीत गेलो.

पुढचे पंधरा दिवस सगळं गाव आलं सोलत होतं. आलं सोलायचं, चुन्याच्या निवळीत बुडवायचं, उन्हात पसरायचं आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायचं. अंगणात, पत्र्यावर, मारुतीच्या पारावर, जिथे बघावं तिथे सुंठ वाळत होती. इंदुबाईनंही आपलं सगळं आलं सोलून टाकलं. वासानं डोळ्यांत पाणी यायचं. माकडं एकदा येऊन गेली ती परत फिरकलीच नाहीत.

या सगळ्याचा कर्ता मी, त्यामुळे लोक मला विचारायला येऊ लागले. मीही मोबाइलवर 'आल्याचे पंचवीस फायदे' शोधून पाठ केले आणि खडू हातात नसतानाही 'सर' झालो. सर्दीला आल्याचा रस आणि मध. जेवणाआधी आल्याचा तुकडा, त्यावर लिंबू आणि मीठ. ताकात आलं, वरणात आलं, बाळंतिणीला सुंठीचा लाडू. लखूमामांचा गुडघा धरला होता. त्यांना मी सुंठ उगाळून कोमट लेप लावायला सांगितला. ते म्हणाले, "माझी आजी बी ह्येच सांगायची. पर ती पगार घेत न्हवती."

माझं स्वतःचं डोकं दुखलं तेव्हा मी तोच लेप कपाळाला लावला. थोडा दाट झाला असावा. दहा मिनिटांत कपाळाला आग लागली, धुतलं तर ती डोळ्यांपर्यंत उतरली. कचेरीत गेलो तेव्हा कपाळावर तीन बोटांचा तांबडा पट्टा आणि डोळ्यांतून धारा. दाखला न्यायला आलेली एक आजी मला बघून हात जोडून म्हणाली, "क्येवढी भक्ती म्हनायची!" मी तिला नाराज केलं नाही.

मेळ्याच्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पोतून जोयड्याला निघालो. संघाच्या चौदा बायका, सुंठीची सहा पोती, आणि चहा-फराळाच्या गाळ्यासाठी शेगडी, पातेली, गूळ असला संसार. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. धुकं इतकं होतं की सुप्याचं धरण कधी मागे पडलं तेही कळलं नाही. बायका मागे गात होत्या. मला वाटलं, हे सगळं आपल्या एका फळ्यामुळे.

मैदानात शिरलो आणि पहिलाच गाळा दिसला. त्यावर आल्याचा एक गड्डा मांडला होता. ओला, रसरशीत, मातीसकट. दुसऱ्या गाळ्यावर तसाच. तिसऱ्यावर तसाच. अणशीकडच्या एका शेतकऱ्यानं तर आपल्या गड्ड्याला झेंडूची माळ घातली होती. वाळलेलं असं त्या मैदानात काही होतं ते फक्त आमच्या टेम्पोत.

तेवढ्यात समोरून आमचे शिवानंद साहेब आले. हे हावेरीकडचे, अस्सल कन्नड. आमच्या पंचायतीत आल्यापासून एका वहीत रोज पाच मराठी शब्द लिहितात. आजच्या दिवसासाठी त्यांनी एक खास वाक्य तयार करून आणलं होतं.

"महाबळेश्वर, आलं आलं काय?"

"आली सर."

"आली? आलं आली?"

"आलं न्हाई आलं, सर. सुंठ आली."

"सुंठ अंद्रे? म्हणजे काय?"

"शुंठी, सर."

"हां, शुंठी!" साहेबांनी खूश होऊन वही उघडली. "शुंठी म्हणजे आलं. तर मग, आलं आलं काय?"

मी पोत्याकडे बोट केलं. साहेबांनी तोंड सोडून हात घातला आणि बाहेर काढला. मुठीत सुरकुतलेले, पांढुरके, खडखडीत तुकडे. त्यांनी एक तुकडा टेबलावर टाकला, तो टणकन उडाला. साहेबांनी वही मिटली.

"महाबळेश्वर," ते हळूच म्हणाले, "बियाणं कसं वाटणार? हे तर उगवत नाही."

"कसलं बियान?" केशरनं विचारलं.

साहेबांनी नोटीस काढली आणि ते शेवटचं वाक्य आपल्या मराठीत, चुकत माकत, पण अगदी समजेल असं वाचून दाखवलं. मी ज्या वाक्याला जागा दिली नव्हती, ते वाक्य मैदानाच्या मधोमध उभं राहिलं. चौदा बायका माझ्याकडे बघू लागल्या. इंदुबाई म्हणाली, "आमचं तर गेलंच गं केशर, पन तुजा गड्डा..." आणि तिनं पुढचं गिळलं. तीन वर्षं केशरशी भांडणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी बघून मला पहिल्यांदा कळलं की मी काय करून बसलोय. मला खरोखर लाज वाटली. केशर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर खोचला आणि शेगडी पेटवायला बसली.

आणि तेवढ्यात परीक्षकांची जीप आली. परीक्षक तिघे होते, कारवारहून अणशी घाटानं आलेले. ज्यांनी त्या घाटाची वळणं खाल्ली आहेत त्यांना मी काही सांगायला नको. पहिले गृहस्थ उतरले ते सरळ जीपच्या मागे गेले आणि वाकले. दुसऱ्यांनी रुमाल तोंडावर धरला होता तो काढायला ते तयार नव्हते. तिसऱ्या बाई मुख्य परीक्षक, निवृत्त प्राध्यापिका. त्यांचा घसा गारठ्यानं बसला होता. त्यांनी स्वागताला उत्तर दिलं ते नुसते ओठ हलवून. साहेब घाबरले. दहाला उद्घाटन, आणि परीक्षकांमध्ये धड उभं राहणारं एक माणूस नव्हतं.

"महाबळेश्वर, एनादरू माडी! काहीतरी करा!"

पंचवीस फायदे पाठ असलेल्या माणसाला त्या क्षणी एकही आठवला नाही. पण केशर उठली होती. तिनं खलबत्त्यात सुंठ टाकली. इंदुबाईनं न सांगता गूळ किसला. लखूमामांच्या सुनेनं तूप काढलं. सुंठ, गूळ, तूप, बोराएवढ्या गोळ्या. केशरनं जीपमागच्या गृहस्थांच्या हातावर एक ठेवली आणि म्हणाली, "अण्णा, चघळा. गिळू नका." मग पातेल्यात सुंठ, धणे, जिरं आणि मिरी घालून कषाय उकळायला ठेवला. कषाय म्हटल्यावर बाईंचे डोळे चमकले. घाटाखालच्या माणसाला कषाय म्हणजे आईच्या हातचं काहीतरी असतं.

पाव तास गेला. जीपमागचे गृहस्थ सरळ उभे राहिले आणि त्यांनी दुसरी गोळी मागितली. दुसऱ्यांनी रुमाल खिशात घातला. बाईंनी दोन पेले कषाय संपवला, घसा खाकरला, आणि आवाज आला. थोडा घोगरा, पण आला.

"आलं!" साहेब मराठीत ओरडले. "आवाज आलं!"

(आवाज पुल्लिंगी आहे हे सांगायची ती वेळ नव्हती.)

ही बातमी मैदानभर पसरायला काही वेळ लागला नाही. गारठ्यात पहाटेपासून आलेले शेकडो लोक, निम्मे खोकत होते, उरलेले शिंकत होते. आणि गंमत बघा, मैदानात आल्याचे डोंगर होते, पण त्याला हात लावायची सोय नव्हती. ते स्पर्धेचं आलं. लोकांना घशाखाली उतरेल असं आलं फक्त आमच्या गाळ्यावर होतं. रांग लागली. माझ्याकडे पेले विसळायचं काम आलं आणि मी ते मान खाली घालून केलं. अणशीचा तो माळवाला शेतकरी येऊन म्हणाला, "माझा गड्डा बघायला कोनीच येईना. मग मीच इकडं आलो." दुपारच्या आत सहाही पोती रिकामी झाली. चौदा बायकांचे चेहरे असे फुलले होते की मला एखादं भाषण करावंसं वाटलं. केशरनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी पुढचा पेला विसळायला घेतला.

स्पर्धेचा पहिला नंबर नियमाप्रमाणे त्या माळेच्या गड्ड्याला मिळाला. पण बक्षीस समारंभात बाई माइक सोडेनात. (आवाज परत मिळालेल्या माणसाचं असंच होतं.) त्या कन्नडात म्हणाल्या, की दिसायला सुंदर कंद आम्ही दर वर्षी बघतो. पण आल्याचा गुण दिसण्यात नसतो. आज एका गावानं तो आम्हाला चाखवला. ही सुंठ ज्या आल्याची आहे तसं तिखट आलं मी आजवर खाल्लेलं नाही. एवढंच वाईट वाटतं, की तुम्ही ते सगळं वाळवलंत. त्याचं बी राहिलं असतं तर!

मी खाली बघितलं. इतका कौतुकाचा पाऊस चालू असताना माझ्या नावाचं तेवढं एक वाक्य आलंच.

तेव्हा केशर उठून उभी राहिली. "बी हाय की," ती म्हणाली.

सगळं मैदान वळलं.

"त्या मोठ्या गड्ड्याची बारा बोटं मी वाळूत पुरून ठिवल्यात. परसात, वर चुलीची राख घालून." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरकारी कागद होता म्हनून मोडला. पर बावीस वर्सं ह्यांचा सौंसार केलाय, सगळं कसं वाळवीन?"

टाळ्या बाईंनी सुरू केल्या आणि इंदुबाईनं थांबू दिल्या नाहीत. तिथल्या तिथे जाहीर झालं की पुढल्या हंगामात दोन बियाणी वाटली जातील, एक अणशीचं, आणि दुसऱ्याचं नाव 'केशर'. केशरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत होती की हसत होती ते मला कळलं नाही. मला मात्र सरळ रडू आलं. कोणी विचारलं असतं तर सुंठीचा वास डोळ्यांत गेला असं सांगणार होतो.

आणि मग, वाचकहो, मलाही बोलावलं. साहेब मोठ्या मनाचे. त्यांनी माइकवर सांगितलं की या सगळ्याच्या मुळाशी आमचे एक कर्मचारी आहेत, ज्यांनी फळ्यावर सुंठ लिहिली नसती तर आज परीक्षक अजून जीपच्या मागेच असते. "इवरु नम्म शुंठी महाबळेश्वर!" म्हणजे हे आमचे आलेवाले महाबळेश्वर, असं त्यांना म्हणायचं होतं. कन्नड लोकांनी प्रेमानं टाळ्या वाजवल्या. मराठी लोक मात्र पोट धरून हसत होते. का हसत होते ते सांगायला मला शाळेपर्यंत मागे जावं लागेल. खानापूरकडच्या आमच्या गुरुजींनी माझी सगळी गणितं तपासून मला एकच शब्द बहाल केला होता, 'शुंठ'. अर्थ सांगायला नकोच, पण नोंदीसाठी सांगतो, ठार मठ्ठ. माझ्या आईनं, बायजानं, हे गुपित लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी केशरच्या कानात घातलं. तेव्हापासून तो शब्द घरात जपून, सणासुदीला वापरला जातो.

पण त्या दिवशी मी कशाचीच पर्वा करत नव्हतो. खांद्यावर शाल होती आणि हातात सरकारी शिक्क्याचं मानपत्र होतं. परतीच्या टेम्पोत मी पुन्हा पुढे बसणार होतो, पण इंदुबाई आधीच तिथे बसली होती. मी मागे, रिकाम्या पोत्यांवर, केशरच्या शेजारी बसलो.  मग तिनं आपला हात माझ्या हातावर ठेवला. सुंठ कुटून तो अजून चुरचुरत होता.

"मानपत्र दावा की," ती म्हणाली.

मी दिलं. सगळ्या बायका वाकून बघू लागल्या. मानपत्र कन्नडात होतं.

"काय लिवलंय?"

मी ऐटीत घसा साफ केला. "लिवलंय, की आमच्या पंचायतीचे शुंठी श्री. महाबळेश्वर यांस. आता हितं शुंठी म्हंजे..."

"थांबा," केशर म्हणाली आणि मानपत्र माझ्या हातातून काढून घेतलं. "ह्या वक्ताला मराठी मी करते. बाजारात शुंठी म्हंजे आलं. पर ही कचेरीची कन्नड हाय. सरकारी भाषा येगळी असती."

सगळ्या बायकांनी गुरुजींचा तो शब्द एका सुरात म्हटला. मानपत्र आता आमच्या ओसरीवर, दारासमोरच टांगलेलं आहे. खाली केशरनं पंचायतीच्याच खडूनं त्याचं मराठी लिहून ठेवलंय, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही.